‘ही विज्ञानवार्ता नव्हे’ असे म्हणणाऱ्यांस



२०२४ च्या जुलै महिन्यात भारतीय विद्यार्थ्यांनी इंग्लंडमधील बाथ येथे आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये चार सुवर्ण आणि एक रौप्य पदक मिळवले. त्याच महिन्यात इराणमधील इस्फहान येथे भौतिकशास्त्राच्या ऑलिंपियाडमध्ये आपल्या संघाने दोन सुवर्ण आणि तीन रौप्य पदके जिंकली. विज्ञानवार्ता देणाऱ्या प्रत्येक पानावर, प्रत्येक गटात ही बातमी झळकली. मीही ती आनंदाने पुढे पाठवली.

दोन महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये, फ्रान्समधील ल्यों शहरात वर्ल्डस्किल्स स्पर्धा झाली. सुमारे सत्तर देशांतील चौदाशेच्या आसपास तरुण-तरुणी तेथे उतरले होते. भारताने ६० स्पर्धक पाठवले होते. त्यांनी चार कांस्यपदके आणि बारा उत्कृष्टता-पदके आणली. ती बातमी मी विज्ञानवाचकांच्या एका गटात टाकली. खाली मोटारदुरुस्ती, यंत्रविद्युत तंत्र आणि अपारंपरिक ऊर्जा या विभागांत नेमके काय करावे लागते, हेही थोडक्यात लिहिले. काही मिनिटांतच उत्तर आले : ‘ही विज्ञानवार्ता नव्हे, रोजगारवार्ता आहे. कृपया गटाचा विषय सांभाळावा.’ त्या उत्तराला पंधरा-वीस अंगठेही मिळाले.

उत्तर देणारे गृहस्थ सुविद्य आहेत, सभ्य आहेत. त्यांच्याशी माझे वैर नाही. परंतु त्यांच्या एका वाक्यात आपल्या समाजाची एक जुनी खोड दडलेली आहे, आणि ती खोड विज्ञानाच्या नावाने मिरवली जाते याचा मला राग आहे. हा लेख म्हणजे त्या रागाचे सविस्तर उत्तर.

आधी माझा स्वतःचा गुन्हा कबूल करते. मी दिल्लीत आर. के. पुरमला राहते. ल्योंला जाण्याआधीची राष्ट्रीय निवडस्पर्धा, म्हणजे इंडियास्किल्स, १५ ते १९ मे २०२४ या काळात द्वारकेच्या यशोभूमीत भरली होती. माझ्या घरापासून ते अंतर सुमारे वीस किलोमीटर. देशभरातून नऊशेच्या वर विद्यार्थी ६१ कौशल्यांत स्पर्धा करण्यासाठी उतरले होते, आणि मी एकही दिवस तिकडे फिरकले नाही. त्याच आठवड्यात एका संस्थेत ‘विज्ञान आणि समाज’ या विषयावरच्या व्याख्यानाला मात्र मी अगत्याने गेले. ओडिशाने ५१ पदकांसह पहिले स्थान मिळवले हे मला दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातून कळले, आणि तेही आतल्या पानावरून. तेव्हा मी जे पुढे लिहिते आहे ते उंच जागी उभे राहून लिहीत नाही.

माझे डोळे उघडले ते एका मोटारीमुळे. जानेवारीतल्या थंडीत आमची दहा वर्षांची जुनी गाडी सकाळी सुरू होईना. एका गॅरेजने बॅटरी बदलली. चार दिवसांनी पुन्हा तेच. मग त्यांनी स्टार्टर बदलायला सांगितले. खर्चाचा आकडा ऐकून मी गाडी मुनिरकेच्या एका छोट्या गॅरेजात नेली. तेथे विशीतला, आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला एक मुलगा होता. त्याने एकही भाग काढला नाही. मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला लावली, दुसरी इंजिनच्या धातूला, आणि मला किल्ली फिरवायला सांगितली. आकडा आला १.५ व्होल्ट. तो म्हणाला, ‘मॅडम, अर्थिंग की पट्टी खराब है. बिना लोड के तो सब ठीक ही दिखता है.’ पट्टी खरवडून, नवी नटबोल्ट लावून त्याने ती आवळली. गाडी सुरू झाली. स्टार्टर निर्दोष होता.

घरी येताना मी मनातल्या मनात गणित मांडले. लहान मोटारीचा स्टार्टर सुरू होताना सुमारे १५० अँपिअर प्रवाह ओढतो. १.५ व्होल्ट भागिले १५० अँपिअर म्हणजे ०.०१ ओहम. एवढा क्षुल्लक रोध साध्या मल्टिमीटरने थेट मोजताच येत नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या तारांचा रोध त्याच्या दसपट असतो. त्या मुलाने म्हणूनच रोध मोजला नाही. त्याने प्रचंड प्रवाह पट्टीतून वाहू दिला आणि दुसऱ्याच दोन तारांनी, ज्यांतून जवळजवळ प्रवाह जात नाही अशा तारांनी, फक्त विभवांतर मोजले. ही पद्धत मला परकी नव्हती. पीएचडीची कित्येक वर्षे मी धातूंच्या पातळ पटलांचा रोध याच तत्त्वाने मोजला आहे. आम्ही तिला चतुष्टोक मापन म्हणतो, ती आमच्या प्रबंधात आकृतीसह छापतो आणि परीक्षकांसमोर अभिमानाने समजावून सांगतो. तो मुलगा तिला ‘ड्रॉप टेस्ट’ म्हणतो. तत्त्व एक, मापन एक, चूक टाळण्याची युक्ती एक. माझ्या मापनाला विज्ञान म्हणायचे आणि त्याच्या मापनाला रोजगार, हा भेद भौतिकशास्त्रात कोठेही सापडत नाही. तो आपण बाहेरून आणलेला आहे.

आता स्पर्धेकडे वळू. वर्ल्डस्किल्समधील वाहनतंत्रज्ञान विभागात स्पर्धकासमोर मुद्दाम दोष घातलेल्या गाड्या आणि यंत्रणा ठेवतात : इंजिन नियंत्रण, ब्रेक आणि सस्पेन्शन, विद्युतयंत्रणा, गिअरबॉक्स. दोष शोधायचा, सिद्ध करायचा, दुरुस्त करायचा आणि हे सर्व ठरलेल्या वेळात. ‘पार्ट बदलून बघू’ या पंथाच्या माणसाचा तेथे निभाव लागत नाही, कारण तेवढा वेळच नसतो. तर्क करूनच पुढे जावे लागते.

दोन उदाहरणे देते. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजनचा संवेदक असतो. त्यात झिर्कोनियाचा घन विद्युत-अपघटनी पदार्थ असतो आणि त्याच्या दोन बाजूंना ऑक्सिजनचा दाब भिन्न असल्याने व्होल्टेज निर्माण होते. बारावीच्या रसायनशास्त्रातले नेर्न्स्टचे समीकरण ते हेच. पेट्रोल गाडीत इंधन जादा झाले की सुमारे ०.९ व्होल्ट, कमी झाले की सुमारे ०.१ व्होल्ट, आणि निरोगी इंजिनात हा आकडा सतत खालीवर होत असतो. समजा तो ०.१ वर अडकला. मग तीन शक्यता उरतात : खरोखरच इंधन कमी पडते आहे, एक्झॉस्टला चीर पडून बाहेरची हवा आत शिरते आहे, किंवा संवेदकच मेला आहे. चांगला तंत्रज्ञ मुद्दाम थोडे जादा इंधन आत सोडतो. आकडा उसळला तर संवेदक जिवंत आहे, आणि एक शक्यता बाद झाली. गृहीतक मांडणे, ते खोटे ठरू शकेल असा प्रयोग रचणे आणि निकाल मान्य करणे, याहून वेगळे वैज्ञानिक पद्धतीत काय असते?

दुसरे उदाहरण. आजच्या गाडीत डझनावारी संगणक कॅन बस नावाच्या पिळलेल्या दोन तारांवरून एकमेकांशी बोलतात. त्या तारांच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रोध बसवलेला असतो, नाहीतर संदेश टोकावरून परावर्तित होऊन गोंधळ माजतो. दोन समांतर रोधांचा परिणामी रोध ६० ओहम. गाडी बंद करून मोजले आणि ६० आले तर जोडणी शाबूत. १२० आले तर कोठेतरी एक बाजू तुटली आहे. शून्याजवळ आले तर तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. एका मापनात तीन निष्कर्ष. समांतर रोधांचे सूत्र दहावीत पाठ करणारे लाखो विद्यार्थी आहेत. त्या सूत्राला गाडीशी बोलायला लावणारे किती?

यावर आक्षेप येतो : ‘हे सर्व ज्ञात विज्ञानाचे उपयोजन आहे. मेकॅनिक नवे काही शोधत नाही.’ मान्य. पण मग ऑलिंपियाडमधला विद्यार्थी काय शोधतो? त्याच्यापुढेही कोणीतरी आधी सोडवलेलाच प्रश्न असतो, ठरलेल्या पाच तासांचा. आपण त्याचे यश विज्ञानवार्ता मानतो, कारण विचार करण्याची ती शिस्त पुढे विज्ञानाला उपयोगी पडेल अशी आपली आशा असते. आशा रास्त आहे. मात्र मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात शिकून गेलेल्या मुलाबद्दल जी आशा धरायची, ती आयटीआयच्या कार्यशाळेतून गेलेल्या मुलीबद्दल का धरायची नाही? भौतिकशास्त्राच्या ऑलिंपियाडमध्ये ५० पैकी २० गुण प्रयोगाला असतात. त्या वीस गुणांसाठी जी नजर लागते, तीच दोष शोधताना लागते.

आणि ‘दुरुस्तीतून विज्ञान निघत नाही’ हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. १७६३-६४ च्या सुमारास ग्लासगो विद्यापीठातील उपकरणे बनवणाऱ्या एका कारागिराकडे न्यूकमेनच्या वाफेच्या इंजिनाची बिघडलेली प्रतिकृती दुरुस्तीला आली. ती नीट चालत का नाही हे शोधताना त्याच्या लक्षात आले की प्रत्येक फेरीत सिलिंडर थंड आणि पुन्हा गरम करण्यातच बहुतेक वाफ वाया जाते. त्यातून १७६५ मध्ये वेगळ्या कंडेन्सरची कल्पना निघाली. तो कारागीर जेम्स वॉट. अशा इंजिनांची कार्यक्षमता किती वाढवता येईल, या प्रश्नावर सादी कार्नोने १८२४ मध्ये विचार केला आणि तेथून उष्मागतिकीचा दुसरा नियम उगवला. आम्ही भौतिकीवाले ज्या नियमाला सर्वांत पवित्र मानतो, त्याची पहिली नोंद एका दुरुस्तीच्या कामात आहे.

महाराष्ट्राला तर हे सांगायची गरजच पडू नये. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक रेखाटन शिकवत होते. त्यांचा उद्योग सुरू झाला तो बेळगावच्या सायकलच्या दुकानातून, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ पासून ‘मीरा’ नावाची छोटी मोटार स्वतः घडवली, तिची एकामागून एक सुधारित रूपे काढली. त्यांच्याकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती. ‘मीरा’ बाजारात आली नाही. आज किती विज्ञानवाचकांना तिचे नाव ठाऊक आहे? बिघाड शोधणाऱ्या आणि घडवणाऱ्या हाताला आपण ‘नुसता मेकॅनिक’ म्हणतो. त्या ‘नुसता’ या शब्दात शतकांची जातिव्यवस्था बसलेली आहे. डोके एका घरात जन्मते आणि हात दुसऱ्या घरात, ही समजूत आपण टाकलेली नाही. आपण तिला फक्त अभ्यासक्रमांची नावे दिली आहेत.

ही उतरंड वाहनस्पर्धांच्या आतही दिसते. बाहा एसएईइंडिया ही स्पर्धा २००७ पासून होते. कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत भरते. पुण्याचे सीओईपी, मुंबईची आयआयटी, दिल्लीचे डीटीयू अशा संस्थांचे विद्यार्थी स्वतः गाडी रचतात, बांधतात, परीक्षकांसमोर प्रत्येक निर्णयाचे समर्थन करतात. हे काम उत्तम आहे आणि त्याचे कौतुक माझ्यासारखीने मनापासून केले आहे. मात्र या संघांच्या बातम्यांना ‘अभियांत्रिकी प्रतिभा’ असा मथळा मिळतो आणि आयटीआयच्या मुलाच्या पदकाला ‘कुशल मनुष्यबळ’ असा. एक प्रतिभा, दुसरे बळ! महाविद्यालयाच्या संघात त्याच शहरातल्या आयटीआयचे दोन वेल्डर आणि एक ऑटो-इलेक्ट्रिशियन बरोबरीचे सदस्य म्हणून का नसावेत? गाडी सुधारेल, आणि अभियंता होऊ घातलेल्या मुलांना आपल्या रेखाचित्रातला कोणता सांधा प्रत्यक्षात जोडताच येत नाही हे वेळेवर कळेल.

इथवर मी विज्ञानवाल्यांशी भांडले. आता पदकांचा ढोल पिटणाऱ्यांशी भांडते, कारण तेही तितकेच दोषी आहेत.

ल्योंमध्ये भारताला मिळालेली चार कांस्यपदके पॅटिसरी, इंडस्ट्री ४.०, हॉटेल रिसेप्शन आणि अपारंपरिक ऊर्जा या विभागांतली होती. वाहनतंत्रज्ञान त्यांत नव्हते. चीन या स्पर्धेत २०११ मध्ये लंडनला पहिल्यांदा उतरला तेव्हा त्याला एक रौप्यपदक मिळाले होते. ल्योंमध्ये त्याची ३६ सुवर्णपदके होती. परंतु या तुलनेतही एक फसगत आहे, आणि संख्याशास्त्र शिकलेल्या वाचकाला ती लगेच दिसेल. नमुना जितका मोठा, तितके त्यातले कमाल मूल्य मोठे असण्याची शक्यता अधिक. १४० कोटींच्या देशातून निवडलेला एक विद्यार्थी जगात तिसरा आला, तर त्यावरून सरासरी विद्यार्थ्याबद्दल फारच थोडे कळते. त्या एकाला वर्षभर वेगळे प्रशिक्षण दिले असेल, तर त्याहूनही कमी. पदक हे वितरणाचे टोक आहे. देश मात्र वितरणाच्या मध्यावर जगतो.

तो मध्य कोठे आहे? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येच, बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या आधारे, आकडा दिला आहे : १९ ते २४ वयोगटातील भारतीय मनुष्यबळापैकी ५ टक्क्यांहून कमी जणांना औपचारिक व्यावसायिक शिक्षण मिळाले होते. अमेरिकेत हे प्रमाण ५२ टक्के, जर्मनीत ७५, दक्षिण कोरियात ९६. त्याच धोरणाने २०२५ पर्यंत किमान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यावसायिक शिक्षणाची ओळख करून देण्याचे लक्ष्य ठेवले. ते वर्ष आले आणि गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएम-सेतू योजना सुरू झाली : ६० हजार कोटी रुपये, एक हजार सरकारी आयटीआयचे आधुनिकीकरण. रक्कम मोठी आहे, स्वागत आहे. तिचे यश २०२६ च्या शांघाय स्पर्धेतल्या पदकांवर मोजू नका. एखाद्या तालुक्याच्या आयटीआयमधल्या साध्या मुलाच्या हाती चालू स्थितीतला स्कॅनर आणि ऑसिलोस्कोप आठवड्यातून किती तास येतो, यावर मोजा.

‘एवढे मनावर का घ्यायचे?’ असे कोणी विचारेल. दिल्लीत राहणाऱ्याने तरी हे विचारू नये. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ निकष लागू आहेत. त्या निकषांची गाडी कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा स्वच्छ असते. पाच वर्षांनी ती स्वच्छ आहे की नाही, हे गॅरेजमधला माणूस ठरवतो. डिझेलचा काजळी-गाळक तुंबला की तो का तुंबला हे शोधणारा तंत्रज्ञ असतो आणि गाळक कापून टाकणाराही असतो. नोव्हेंबरात आपल्या फुप्फुसांत काय जाते, याचा काही भाग त्या दोघांतला कोण अधिक संख्येने आहे यावर अवलंबून आहे. विद्युत गाड्यांचे तर विचारूच नका. ६० व्होल्टच्या वरचा एकदिश प्रवाह माणसाला धोकादायक मानतात, आणि गाडीची बॅटरी सुमारे ४०० व्होल्टची असते, काहींची ८०० ची. तिचा विद्युतरोधक शाबूत आहे का, हे मोजायला न शिकवता एखाद्या मुलाला तिच्यापुढे उभे करणे हा गुन्हा आहे. तेथे भौतिकशास्त्र हा परीक्षेचा विषय राहत नाही, जीव वाचवण्याचा होतो.

दिल्लीतील एका आयटीआयचे नाव सर सी. व्ही. रामन आहे, ती धीरपूरला आहे. मयूर विहारच्या आयटीआयला होमी भाभांचे नाव आहे. नावे देणाऱ्याने कदाचित सवयीने दिली असतील, पण ती अचूक आहेत. प्रश्न इतकाच की त्या दारांतून आत जाणारा भौतिकशास्त्रज्ञ आपल्यापैकी कोणी पाहिला आहे का? मी तरी अजून गेले नव्हते.

म्हणून मागण्या मांडते, आणि पहिली स्वतःकडेच.

एक. आम्ही संशोधकांनी महिन्यातून एक शनिवार जवळच्या आयटीआयला द्यावा. भाषण ठोकायला जाऊ नये. मापन शिकवावे आणि शिकावे. माझा पहिला शनिवार मी ठरवला आहे.

दोन. विज्ञानवार्ता देणाऱ्यांनी पदकांची संख्या छापून थांबू नये. ऑलिंपियाडचा प्रश्न जसा चौकटीत छापतात, तसा स्पर्धेतला एक बिघाड छापावा : लक्षणे ही, मापने ही, आता दोष सांगा. वाचक आपण होऊन ओळखतील की हे विज्ञान आहे.

तीन. दहावीनंतर आयटीआयला गेलेल्या मुलीला पुढे भौतिकशास्त्र शिकावेसे वाटले, तर दार उघडे हवे. आयटीआयनंतर पदविकेच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो, हे चांगले आहे. बी.एस्सी.च्या भौतिकशास्त्राकडे जाणारा असाच सरळ पूल, मधल्या गणिताच्या तयारीसह, विद्यापीठांनी बांधावा.

चार. विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या महाविद्यालयाचा बाहा किंवा फॉर्म्युला संघ असेल तर पुढच्या हंगामाआधी शेजारच्या आयटीआयला पत्र लिहा. मदतनीस मागू नका, सहकारी मागा.

आता त्या गटातल्या सद्गृहस्थांना शेवटचे. तुम्ही मला विषय सांभाळायला सांगितलेत. मी तो सांभाळलाच आहे. निरीक्षण, मापन, तर्क आणि चूक मान्य करण्याची तयारी हा आपल्या गटाचा विषय असेल, तर मुनिरकेच्या गॅरेजातला तो मुलगा आपल्या गटाचा सदस्य असायला हवा. तो नाही, ही उणीव गटाची आहे. ल्योंची ती बातमी मी आज पुन्हा टाकते आहे. या वेळी अंगठा देण्याआधी ०.०१ ओहम रोध आपण कसा मोजाल, तेवढे खाली लिहा.

— आर. के. पुरम, नवी दिल्ली